व्यसन कोणाचे? – धूम्रपान, स्वातंत्र्य आणि तिजोरी

धूम्रपानासंबंधीचा वाद आपल्याकडे बहुधा दोनच पक्षांत मांडला जातो. देह माझा, पैसा माझा, तेव्हा मी काय ओढावे हे इतरांनी मला सांगू नये, असे एक पक्ष म्हणतो. तुझ्या आजारपणाचा भार सार्वजनिक रुग्णालयांवर, म्हणजे पर्यायाने आम्हां सर्वांवर पडतो, तेव्हा तुला अडवण्याचा आम्हांला अधिकार आहे, असे दुसरा पक्ष म्हणतो. महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांपासून विधिमंडळातील चर्चेपर्यंत हीच मांडणी आढळते. पहिल्या पक्षाचा सगळा भर 'स्वातंत्र्य' या शब्दावर असतो, दुसऱ्याचा 'खर्च' या शब्दावर. शब्दांच्या अभ्यासकांना मात्र एक जुनी खोड असते. शब्द कोणता, एवढे विचारून ते थांबत नाहीत. तो कोणाच्या तोंडी आहे आणि कोणत्या प्रसंगी, हेही ते पाहतात. ही खोड येथे उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते. तंबाखूचा चारशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने चाळला, तर या दोन पक्षांच्या मागे एक तिसरा पक्ष सतत उभा दिसतो. तो फारसा बोलत नाही. परंतु वादाचा निकाल पुष्कळदा त्याच्या सोयीने लागतो. हा तिसरा पक्ष म्हणजे राज्याची तिजोरी.

१

प्रारंभी दोन शब्दांविषयी थोडेसे. 'व्यसन' हा शब्द आज मराठीत न सुटणाऱ्या सवयीसाठी वापरला जातो. संस्कृतात त्याचा एक प्रमुख अर्थ आपत्ती किंवा संकट असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आठवे अधिकरण व्यसनांविषयीच आहे. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र या राज्याच्या सात अंगांवर येणाऱ्या संकटांची चर्चा त्यात येते, आणि मृगया, द्यूत, मद्यपान इत्यादी माणसाच्या दुर्गुणांची चर्चाही त्याच अधिकरणात येते. एकाच शब्दाखाली व्यक्तीची आसक्ती आणि राज्याची आपत्ती एकत्र नांदते. 'कोशव्यसन' म्हणजे तेथे कोशावर आलेले संकट. आजच्या मराठी अर्थाने तोच सामासिक शब्द वाचला, तर 'कोशाला जडलेली सवय' असा अर्थ निघेल. प्रस्तुत लेखाचा विषय ही सवय आहे.

दुसरा शब्द 'धूम्रपान'. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी द्रव्यांची वर्ती करून तिचा धूर घेण्याचा विधी सांगितला आहे. तो 'धूमपान'. त्यात तंबाखू असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती वनस्पती अमेरिका खंडातील. पोर्तुगिजांच्या बरोबर ती आपल्याकडे आली, तिचे नावही पोर्तुगीज 'तबाको'वरूनच आले. तिच्या सेवनाला मात्र जुन्या वैद्यकाशी नाते सांगणारा प्रतिष्ठित शब्द मिळाला. बोलीभाषेने हा मान दिला नाही. ती 'विडी ओढतो' असेच म्हणत राहिली.

२

तंबाखूसंबंधीच्या वादाची भारतातील एक अगदी आरंभीची नोंद दख्खनशी निगडित आहे. अकबराचा वकील म्हणून विजापूरला गेलेला असद बेग १६०४-०५ च्या सुमारास परतला, तेव्हा त्याने सोबत तंबाखू आणि रत्नजडित नळी आणली. दरबारात तिची परीक्षा झाली. हकीमाने हरकत घेतली की, या औषधाचा आपल्या ग्रंथांत उल्लेख नाही, अज्ञात वस्तूचे गुण बादशहांपुढे कसे सांगावेत? असद बेगचे उत्तर असे की, प्रत्येक रूढी कधी तरी नवीनच असते. युरोपीय लोक शहाणे आहेत, त्यांनी पारखूनच ती घेतली असेल. एखादी वस्तू आपल्या ग्रंथांत नाही, एवढ्यावरून ती टाकून देणे योग्य नाही, असा कौल अकबराने दिला. ग्रंथप्रामाण्याविरुद्ध अनुभवाची बाजू घेणारा हा युक्तिवाद आजही आधुनिक वाटतो. त्यानंतर सरदारांनी तंबाखू मागवली, व्यापाऱ्यांनी ती विकायला आणली, प्रथा पसरली. अकबराने स्वतः मात्र ती सवय लावून घेतली नाही.

त्याच वर्षी, १६०४ मध्ये, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध एक तिखट पुस्तिका लिहून ही सवय डोळ्यांना, नाकाला, मेंदूला आणि फुप्फुसांना घातक ठरवली. तंबाखूविरोधी साहित्यात या पुस्तिकेचा उल्लेख आदराने होतो. त्याबरोबर त्याने आणखी एक गोष्ट केली, ती तितक्या ठळकपणे सांगितली जात नाही. पौंडामागे दोन पेन्स असलेली जकात त्याने सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. हेतू परावृत्त करण्याचा असेल. परंतु पुढे काय झाले ते पाहावे. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फ याने व्हर्जिनियात तंबाखूची लागवड यशस्वी केली. वसाहत तगली ती या पिकावर. १६१९ मध्ये पहिले आफ्रिकी बंदिवान व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवले गेले, आणि पुढे या मळ्यांचे अर्थकारण गुलामांच्या श्रमावर उभे राहिले. ज्या राजाने तंबाखूचा धिक्कार लिहिला, त्याच्याच कारकिर्दीत राजसत्ता तंबाखूच्या उत्पन्नात भागीदार झाली. धिक्कार पुस्तकात राहिला, जकात खजिन्यात गेली.

३

बंदीचाही प्रयोग याच शतकात झाला. इराणच्या शाह अब्बासने बंदी घातली. जहांगीरनेही १६१७ मध्ये बंदी घातली. जहांगीरने आत्मचरित्रात या संदर्भात एक बोलका प्रसंग दिला आहे. त्याचा इराणमधील वकील खान आलम याला तंबाखूवाचून क्षणभर राहवत नसे. हे शहाच्या कानी गेले तेव्हा शहाने द्विपदी रचून त्याला सूट दिली, आणि खान आलमने द्विपदीनेच आभार मानले. काव्यशास्त्रविनोद मोठा सुरेख. परंतु कायदा प्रजेसाठी आणि कविता वकिलासाठी, ही व्यवस्थाही त्यातून उघड होते.

ऑटोमन सुलतान चौथा मुराद याने १६३३ मध्ये तंबाखूसाठी देहदंड ठेवला. त्याच वेळी त्याने कॉफीगृहेही बंद केली. यावरून त्याच्या मनात आरोग्यापेक्षा लोकांच्या बैठकांचे आणि तेथील राजकीय कुजबुजीचे भय अधिक असावे, असे म्हणायला जागा आहे. बंदी टिकली नाही. १६५६ मध्ये इस्तंबूलच्या कातिब चेलेबी या विद्वानाने आपल्या ग्रंथात या विषयाचा शांतपणे विचार केला. लोक जे सोडणारच नाहीत ते निषिद्ध ठरवून केवळ पापाची संख्या वाढते. त्यापेक्षा परवाना देऊन ठरावीक जागी विक्री होऊ द्यावी, चारचौघांत ओढू देऊ नये आणि खजिन्याला उत्पन्न मिळावे, असे त्याचे मत. आज जगभर चालणारे धोरण साडेतीनशे वर्षांपूर्वी जवळजवळ पूर्णपणे मांडले गेले होते. सहिष्णुता, सार्वजनिक जागेची मर्यादा आणि महसूल हे तिन्ही धागे त्यात आहेत. या तिन्हींतील तिसरा धागा कालांतराने दोर झाला.

४

'स्वातंत्र्य' हा शब्द या वादात कसा वावरला हे पाहण्यासाठी दोन घटना शेजारी ठेवाव्यात.

पहिली इराणमधील. १८९० मध्ये नासिरुद्दीन शहाने आपल्या देशातील तंबाखूची खरेदी, विक्री आणि निर्यात यांचा पन्नास वर्षांचा मक्ता एका ब्रिटिश मेजर टॅलबटला दिला. मोबदला वर्षाला पंधरा हजार पौंड आणि नफ्यातील चौथा हिस्सा. डिसेंबर १८९१ मध्ये समर्रा येथील ज्येष्ठ धर्मगुरू मिर्झा हसन शिराझी यांच्या नावे तंबाखूसेवन निषिद्ध ठरवणारा फतवा निघाला, आणि पाहता पाहता हुक्के विझले. शहाच्या अंतःपुरातील स्त्रियांनीही हुक्का ठेवून दिला, असे सांगतात. १८९२ च्या जानेवारीत मक्ता रद्द करावा लागला. एका तलफेवर कोट्यवधींची गणिते बसवणाऱ्या कंपनीला आणि राजाला लोकांनी ती तलफ मारून हरवले.

दुसरी घटना न्यूयॉर्कमधील. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. फिफ्थ ॲव्हेन्यूवरील मिरवणुकीत काही तरुणींनी वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसमोर सिगारेटी शिलगावल्या. या सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' असे नाव दिले गेले होते. स्त्रियांनी चारचौघांत धूम्रपान करणे तेव्हा असभ्य मानले जाई. त्यामुळे ही कृती बंडाची वाटली, आणि काही अंशी ती होतीही. परंतु या बंडाची आखणी अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी काम करणाऱ्या एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धितज्ज्ञाने केली होती, तीही ब्रिल या मनोविश्लेषकाचा सल्ला घेऊन. निम्मी लोकसंख्या ग्राहक नाही, हे कंपनीचे दुःख होते. स्त्रीमुक्तीची भाषा त्यावर औषध म्हणून वापरली गेली.

एका ठिकाणी तंबाखू सोडणे हे स्वातंत्र्य होते, दुसऱ्या ठिकाणी ती ओढणे. आपल्याकडे तिसरीच तऱ्हा झाली. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी सिगारेटवर बहिष्कार पडला आणि त्याचा लाभ देशी विडीला झाला. म्हणजे राष्ट्रीय स्वातंत्र्याने एक धूर विझवून दुसरा पेटवला. तेव्हा तंबाखूच्या संदर्भात स्वातंत्र्य या शब्दाला स्वतःचा असा ठाम अर्थ नाही. तो प्रसंगानुसार भरला जातो, आणि भरणारा हात कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

५

स्वातंत्र्याच्या पक्षाचा सर्वांत थोर आधार म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल. आगरकरांच्या पिढीवर मिल आणि स्पेन्सर यांचा केवढा प्रभाव होता हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १८५९ च्या स्वातंत्र्यविषयक निबंधात मिलने सांगितलेले सूत्र सर्वपरिचित आहे: सज्ञान माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध रोखायचे, तर इतरांना होणारी इजा टाळणे एवढेच कारण पुरेसे ठरते, त्याचे स्वतःचे हित हे पुरेसे कारण नव्हे. धूम्रपानाचे समर्थक येथे पुस्तक मिटतात. आम्हांला वाटते, त्यांनी शेवटच्या प्रकरणापर्यंत जावे.

त्या प्रकरणात मिल विषाच्या विक्रीची चर्चा करतो. विषाच्या बाटलीवर धोकादर्शक शब्द छापण्याची सक्ती केल्याने कोणाच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही, कारण आपण घेतलेली वस्तू विषारी आहे हे कळू नये, अशी इच्छा ग्राहकाला असूच शकत नाही, असे तो म्हणतो. अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याचा कायदा १९६५ मध्ये झाला. भारतात १९७५ मध्ये, आणि तोही केवळ सिगारेटपुरता. विडीच्या बंडलावर आणि गुटख्याच्या पुडीवर सचित्र इशारा यायला २००९ उजाडले. म्हणजे मिलचे नाव घेणारा व्यापार मिलने मान्य केलेल्या किमान अटीला शतकाहून अधिक काळ चुकवत राहिला.

त्याच प्रकरणात दुसरा मुद्दा येतो. स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचा करार मिल मान्य करत नाही. स्वातंत्र्य कायमचे गमावण्याचे स्वातंत्र्य, हे त्याच्या लेखी स्वातंत्र्याच्या तत्त्वात बसत नाही. निकोटीनची बांधिलकी आणि गुलामगिरी एक नव्हेत. लक्षावधी लोक तंबाखू सोडतात, हे खरेच आहे. तरीही पहिली सिगारेट आणि दहा हजारावी सिगारेट या दोहोंना 'निवड' हा एकच शब्द लावता येईल का, ही शंका मिलच्याच वाटेने उपस्थित होते. त्यातही पहिली निवड बहुधा अज्ञान वयात झालेली असते, आणि मिलचे सूत्र सज्ञानांपुरतेच आहे.

तिसरा मुद्दा मिलच्या समर्थकांना आणि विरोधकांनाही अडचणीचा आहे. केवळ सेवन अवघड व्हावे म्हणून मादक पदार्थांवर कर लावणे ही मिलच्या मते एक प्रकारची बंदीच. परंतु राज्याला कर लावणे भाग असेल, तर जो पदार्थ माफक प्रमाणापलीकडे अपायकारक आहे त्यावर, जास्तीत जास्त महसूल मिळेल इतका कर लावणे केवळ क्षम्य नव्हे तर उचित, असे तो सांगतो. व्यक्तिस्वातंत्र्याच्या या मोठ्या वकिलाने तिजोरीसाठी दार स्वतःच उघडून ठेवले होते.

६

विसाव्या शतकाच्या मध्यावर वादाला शास्त्राचा भक्कम पाया मिळाला. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल, तर अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा मुख व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडणारा शोधनिबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतीय विकृतिशास्त्राचे एक आद्य पुरुष. तंबाखू चघळण्याचा प्रश्न पाश्चात्य संशोधनात गौण होता. तो मुख्य आहे, हे मुंबईतील रुग्णांकडे पाहून कळत होते.

ज्ञान आल्यावर राज्यांनी काय केले? ब्रिटनचे आरोग्यमंत्री इयन मॅक्लिऑड यांनी १९५४ च्या जानेवारीत एका सहकारी मंत्र्याला लिहिलेल्या पत्रात, कल्याणकारी राज्याचा आणि इतर पुष्कळ गोष्टींचा डोलारा तंबाखूवरच उभा आहे, अशा आशयाची कबुली दिली. ज्या महसुलातून मोफत रुग्णालये चालायची, त्याचा एक मोठा झरा रुग्ण निर्माण करणाऱ्या वस्तूतून वाहत होता. त्याच महिन्यात अमेरिकी कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत निवेदन देऊन, लोकांचे आरोग्य ही आपली सर्वोच्च जबाबदारी असल्याचे आणि पुरावा अद्याप निर्णायक नसल्याचे सांगितले. पुढे १९६३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अंतर्गत टिपणात निकोटीन व्यसन लावते आणि आपला धंदा त्याच्याच विक्रीचा आहे, हे स्पष्ट लिहिले गेले. १९९४ मध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेससमोर शपथेवर सांगितले की, आपल्या मते निकोटीन व्यसन लावत नाही. न्यायालयात मात्र बचाव होता ग्राहकाच्या स्वतंत्र निवडीचा. निवड स्वतंत्र ठरवायची, तर व्यसन नाकारणे आवश्यकच होते. ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांच्या हक्कांसाठी एक संघटना निघाली. तिला पैसा मुख्यतः तंबाखू कंपन्यांकडून मिळत आला आहे. 'मशाली' विझल्या नव्हत्या.

७

मिलचे सूत्र खऱ्या अर्थाने लागू झाले ते शेजाऱ्याच्या फुप्फुसांचा विचार सुरू झाल्यावर. १९८१ मध्ये ताकेशी हिरायामा यांनी जपानमधील धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांचा चौदा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पती धूम्रपान करत असेल तर पत्नीला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे त्यात दिसले. कंपन्यांनी त्यावर कडाडून हल्ला केला, पण पुढील संशोधनाने निष्कर्ष टिकवला. भारतात १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपान करणे बेकायदा ठरवले. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, सार्वजनिक वाहने इत्यादी ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ चा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम हा त्याचा पुढचा टप्पा. या निर्णयांचा मुख्य आधार घटनेतील जीविताचा हक्क हा होता. जो ओढत नाही त्यालाही श्वास घ्यायचा आहे, हे साधे वाक्य कायद्यात यायला इतका काळ लागला. येथे 'खर्च' या शब्दाची गरजच पडली नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कारण खर्चाचा युक्तिवाद हा दुधारी आहे. २००१ मध्ये फिलिप मॉरिस कंपनीने चेक प्रजासत्ताकासाठी एका सल्लागार संस्थेकडून अहवाल करवून घेतला होता, तो उघडकीस आला. धूम्रपानामुळे सरकारला तोटा न होता नफाच होतो, असे त्यात हिशेब करून दाखवले होते; आणि जमेच्या बाजूला, लवकर मरणाऱ्यांचे निवृत्तिवेतन, औषधोपचार आणि निवारा यांवर वाचलेला पैसाही धरला होता. जगभर संताप उसळला, कंपनीने माफी मागितली. परंतु हिशेबाची रीत तर खर्चवाद्यांचीच होती. कंपनीने फक्त बेरीज शेवटपर्यंत नेली. 'तुझा आजार आम्हांला महाग पडतो' हे बंदीचे कारण असेल, तर 'तुझा मृत्यू आम्हांला स्वस्त पडतो' हे मोकळिकीचे कारण ठरू शकते. म्हणून खर्चाला या वादाचा पाया करू नये, असे आम्हांला वाटते. तो पुरावा म्हणून राहावा. निवाड्याचा आधार म्हणून नव्हे.

पुरावा म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे. भारतात २०१७-१८ या वर्षात तंबाखूमुळे झालेल्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा आर्थिक भार सुमारे १,७७,३४१ कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का होता, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्याच अभ्यासानुसार तंबाखूवरील अबकारी कराच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे समाजाला ८१६ रुपयांचा भार पडला. मग राज्य ही सवय का सोडत नाही? उत्तर साधे आहे. शंभर रुपये एका ठिकाणी, ठरल्या दिवशी खजिन्यात जमा होतात. ८१६ रुपये लक्षावधी घरांतून, दागिने गहाण ठेवून, मजुरी बुडवून, शिक्षण सोडून, हळूहळू जातात. न्यूझीलंडने २०२२ मध्ये पुढील पिढ्यांना तंबाखू विकण्यास मनाई करणारा कायदा केला आणि २०२४ च्या आरंभी नव्या सरकारने तो अंमलात येण्यापूर्वीच रद्द केला. करकपातीसाठी लागणाऱ्या पैशात तंबाखूच्या महसुलाचा आधार होईल, हे अर्थमंत्र्यांनी लपवले नव्हते. व्यसनी माणूसही उद्यापासून सोडीन असेच म्हणत असतो.

८

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या वादाची पाश्चात्य चौकट आपल्याला अपुरी पडते. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर धूररहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. मशेरी, चुना-तंबाखू, मावा, गुटखा यांना धूर नसतो. शेजाऱ्याच्या फुप्फुसांचा युक्तिवाद तेथे चालत नाही. राज्याने १ ऑगस्ट २००२ पासून गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या अधिकाऱ्याला तसा अधिकार नाही या मुद्द्यावर, ती रद्द केली. २०१२ मध्ये नव्या अन्नसुरक्षा नियमांच्या आधारे बंदी पुन्हा आली. राज्याने येथे महसुलावर पाणी सोडले, हे नमूद केले पाहिजे. टपऱ्यांवर वेगवेगळ्या पुड्या एकत्र करून तोच माल मिळू शकतो, हेही.

आणि विडी वळणाऱ्यांचे काय? सोलापूर, सिन्नर, संगमनेर, निपाणी ही नावे मराठी माणसाला विडी आणि तंबाखूशी जोडूनच आठवतात. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी रस्ता रोखला आणि त्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळत आल्या. मजुरीचा हिशेब हजार विड्यांमागे. २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांच्या वसाहतीला गोदुताई परुळेकरांचे नाव दिले गेले. या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी विडी ओढत नाहीत, तरी तंबाखूची धूळ त्यांच्या श्वासात जाते. स्वातंत्र्याच्या पक्षाच्या भाषणात त्या नसतात, कारण हे काम त्यांनी फारशा पर्यायांतून निवडलेले नाही. आरोग्याच्या पक्षाच्या भाषणातही त्या नसतात. त्यांची आठवण होते ती एकाच वेळी: विडीवरील कराची चर्चा निघते तेव्हा. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेटचा कर ४० टक्क्यांच्या टप्प्यात नेण्याचे आणि विडीचा २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. फुप्फुसांना हा भेद कळत नाही. आणि कर उतरल्याने हजार विड्यांमागची मजुरी वाढेलच, अशी तरतूद त्या निर्णयात नव्हती.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. सज्ञान माणसाला आपल्या देहाविषयी चूक करण्याचाही हक्क आहे, हे मिलचे तत्त्व आम्ही सोडू इच्छित नाही. परंतु त्या हक्काच्या तीन अटी आहेत: वस्तूचे खरे ज्ञान, सज्ञान वय आणि परतीचा मोकळा रस्ता. यांतील एकेक अट मोडून तंबाखूचा व्यापार वाढला आहे. दुसऱ्या बाजूने, राज्याला आरोग्याच्या नावाने बोलायचे असेल, तर त्याने आपल्या हिशेबाची वही आधी उघडी करावी: तंबाखूतून किती आले, आणि त्यातील किती व्यसनमुक्ती केंद्रांवर, तालुक्याच्या रुग्णालयातील मुखतपासणीवर आणि विडी कामगारांच्या पर्यायी रोजगारावर खर्च झाले. तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याच्या सतराव्या कलमात शेतकरी आणि कामगारांच्या पर्यायी उपजीविकेचे आश्वासन आहे. पाकिटावरील इशाऱ्याचे चित्र आज ८५ टक्के जागा व्यापते. त्या मानाने या कलमाला आपल्या चर्चेत किती जागा मिळते?

मराठीने या सवयीतून सुटण्याला 'व्यसनमुक्ती' असा शब्द केला आहे. त्यात मुक्ती आहे, म्हणजे स्वातंत्र्यच आहे. हा शब्द आजवर केवळ ओढणाऱ्याला आणि खाणाऱ्याला उद्देशून वापरला गेला. तो कोशालाही लागू करावा लागेल, आणि त्या मुक्तीची किंमत सोलापूरच्या घराघरांत सुपात पाने घेऊन बसलेल्या बाईकडून वसूल होणार नाही, हेही पाहावे लागेल.